साध्या फोनवरून आपत्कालीन कॉल: लावायचा कसा आणि परत आलेला उचलायचा कसा

अडीअडचणीला साधा बटणांचा फोन फार भरवशाचा असतो. त्याचं चार्जिंग कित्येक दिवस टिकतं, बटणं बोटाला न बघता कळतात आणि ओल्या हातानेही दाबता येतात. पण आपत्कालीन कॉल हा रोजच्या कॉलसारखा नसतो. तो फोनच्या आत वेगळ्या वाटेने जातो. त्यामुळे रोजचा कॉल ज्या ठिकाणी लागत नाही तिथून तो लागू शकतो, आणि काही वेळा रेंजच्या काड्या भरलेल्या असूनही अडतो. शिवाय फोन लागला म्हणजे काम संपलं असं नाही. पत्ता सापडला नाही, आवाज तुटला, गाडी जवळ आली की मदत पाठवणारे उलटा फोन करतात. तो उचलला गेला नाही तर दारापर्यंत आलेली मदतही भलत्या गल्लीत फिरत राहते. म्हणून इथे दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत.

आधी बटणं

बहुतेक साध्या फोनांत स्क्रीनच्या खाली डावीकडे हिरवं आणि उजवीकडे लाल बटण असतं. त्यांच्यावर किंवा शेजारी आणखी दोन बटणं असतात, ज्यांचं काम स्क्रीनच्या खालच्या ओळीत लिहून येतं: कधी ‘मेनू’, कधी ‘पर्याय’, कधी ‘मागे’. मधलं मोठं बटण वर-खाली, डावी-उजवीकडे सरकायला.

हिरव्या बटणाने फोन लावायचा आणि आलेला उचलायचा. मुख्य स्क्रीनवर असताना नंबर न टाकता हिरवं दाबलं, तर शेवटी लावलेल्या नंबरांची यादी उघडते. पुन्हा दाबलं की वरच्या नंबराला फोन लागतो.

लाल बटणाची कामं तीन आहेत. एकदा दाबलं की कॉल कट होतो. कॉल चालू नसेल तर तुम्ही कुठल्याही मेनूत अडकला असलात तरी मुख्य स्क्रीनवर परत येता. आणि दाबून धरलं तर फोन बंद होतो. घाबरलेला माणूस बटण नेहमीपेक्षा जोरात आणि जास्त वेळ दाबतो. ‘मेनूतून बाहेर यावं’ म्हणून लाल बटण दाबून धरलं की फोन बंद पडतो आणि पुन्हा सुरू होऊन टॉवर पकडेपर्यंत अर्धा-एक मिनिट हातचं जातं. लाल बटण टिचकीसारखं, थोडं थांबून थांबून दोन-तीनदा दाबायचं, ही सवय आधीपासून लावून घ्या.

दाबून धरण्याचे आणखीही परिणाम असतात. 0 दाबून धरलं की बहुतेक फोनांवर + चिन्ह येतं. 1 दाबून धरलं की व्हॉइसमेल लागतो. 2 ते 9 वर स्पीड डायल ठेवता येतो, म्हणजे ते बटण दाबून धरलं की त्यावर साठवलेल्या नंबराला फोन लागतो. # दाबून धरलं की अनेक मॉडेलांत फोन सायलेंट होतो. पुन्हा तसंच केलं की आवाज परत येतो. ‘फोन वाजतच नाही’ या तक्रारीचं कारण पुष्कळ वेळा एवढंच निघतं: खिशात किंवा पिशवीत # दाबला गेलेला असतो.

अंधारात 112 कसा दाबायचा

5 च्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो. जवळपास सगळ्या फोनांच्या कीपॅडवर तो असतो, तो अंगठ्याने शोधा. 5 च्या बरोब्बर वर 2 आहे आणि 2 च्या डावीकडे 1. म्हणजे अंगठा उंचवट्यावर ठेवायचा, एक घर वर आणि एक घर डावीकडे न्यायचा. तिथे दोनदा दाबायचं, मग उजवीकडे सरकून एकदा. डोळे मिटून पाच-सहा वेळा करून बघा, हाताला बसतं. सरावाच्या वेळी हिरवं बटण मात्र दाबू नका. आकडे टाकून लाल बटणाने पुसून टाका.

नंबर कोणता आणि तो वेगळा का

जीएसएम या मोबाइल पद्धतीच्या प्रत्येक फोनला 112 आणि 911 हे नंबर जन्मतः ठाऊक असतात. सिम नसेल तर 000, 08, 110, 118, 119 आणि 999 हेही तो आपत्कालीन मानतो. याशिवाय सिमकार्डात त्या त्या देशाच्या नंबरांची छोटी यादी साठवलेली असू शकते.

फोनने नंबर ओळखला की पुढचं सगळं बदलतं. तो टॉवरला ‘अमुक नंबर लाव’ असं सांगत नाही, ‘आपत्कालीन कॉल आहे’ एवढाच निरोप पाठवतो. कॉल कुठल्या केंद्राकडे द्यायचा हे नेटवर्क ठरवतं. म्हणूनच परदेशी पाहुण्याने सवयीने 911 दाबला तरी कॉल बहुतेक वेळा स्थानिक केंद्रातच पोहोचतो. या निरोपाला टॉवर आधी जागा देतो, बॅलन्स बघत नाही, आणि तुमच्या कंपनीची रेंज नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही प्रयत्न करतो. स्क्रीनवर कंपनीच्या नावाऐवजी ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं दिसतं तेव्हा अर्थ बहुधा हाच असतो: तुमचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

नंबर फोनने ओळखला नाही तर यातलं काहीच होत नाही. कॉल साधा होतो. त्याला चालू सिम लागतं, स्वतःच्या कंपनीची रेंज लागते आणि बॅरिंग, म्हणजे बाहेर जाणारे कॉल बंद ठेवणारं बंधन, असेल तर ते आडवं येतं. भारतात 112 हा सगळ्या सेवांचा एकच नंबर आहे. पोलिसांचा 100, अग्निशमनाचा 101, रुग्णवाहिकेचा 108 हे जुने-नवे नंबरही चालतात, पण ते तुमच्या सिमच्या यादीत असतीलच असं नाही. तुमच्या कंपनीची चांगली रेंज असताना 108 लावणं ठीकच आहे. रेंज डळमळीत असेल, सिम नीट वाचलं जात नसेल, तर 112 च लावा.

बाहेरच्या देशांत: युरोपात सगळीकडे 112, ब्रिटनमध्ये 999 आणि 112 दोन्ही, अमेरिकेत 911, ऑस्ट्रेलियात 000, न्यूझीलंडमध्ये 111, जपानमध्ये पोलिसांना 110 आणि आग किंवा रुग्णवाहिकेला 119. प्रवासाला निघण्याआधी तिथला नंबर कागदावर लिहून घ्या.

आपत्कालीन नंबराच्या आधी काहीही लावायचं नाही. ना शून्य, ना एसटीडी कोड, ना + आणि देशाचा कोड. काही लोक तो नंबर फोनबुकात ‘+91’ लावून साठवतात. तसं केलं की फोनला तो ओळखता येत नाही आणि कॉल चुकीच्या जागी जातो किंवा लागतच नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनांसाठी आणखी एक सोय आहे. 2016 च्या पॅनिक बटणाच्या नियमांप्रमाणे 5 किंवा 9 हे बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल जायला हवा. तुमच्या मॉडेलात कोणतं बटण आहे ते माहितीपुस्तिकेत किंवा सेटिंग्जमध्ये बघून ठेवा. नियमाआधीच्या जुन्या फोनांत ही सोय नसण्याची शक्यता मोठी, तिथे 5 दाबून धरलं तर स्पीड डायलवर ठेवलेल्या कुणाला तरी फोन लागेल. म्हणून ‘112 आणि हिरवं’ हीच वाट पक्की धरा आणि पॅनिक बटण जादाचं समजा.

प्रत्यक्ष कॉल लावताना

फोन बंद असेल तर लाल बटण दाबून धरा. पिन मागितला आणि तो आठवत नसेल किंवा फोन दुसऱ्याचा असेल तर पिनच्या भानगडीत पडू नका. त्याच चौकटीत 112 टाका आणि हिरवं दाबा. अंदाजाने पिन टाकणं अंगाशी येतं: तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा वेगळा कोड, मागतं, पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद होतं.

कीपॅड लॉक असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, लॉक काढणं. बऱ्याच फोनांत डावीकडचं वरचं बटण आणि लगेच * दाबायचा असतो, काहींत * दाबून धरायचा असतो. दुसरी वाट म्हणजे लॉक असतानाच 112 आणि हिरवं दाबणं. लॉक असतानाही फोन आपत्कालीन नंबरावर लक्ष ठेवून असतो. इथे एक गोष्ट माहीत हवी. कित्येक जुन्या फोनांत लॉक असताना पहिला 1, दुसरा 1 दाबला तरी स्क्रीनवर काहीच उमटत नाही, उलट ‘लॉक काढा’ असा मजकूर झळकतो. शेवटचा 2 दाबला की मगच पूर्ण नंबर एकदम दिसतो. लोक दुसऱ्या आकड्यालाच ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतात. तिन्ही आकडे दाबा, मग हिरवं.

लॉक नसेल तर लाल बटण टिचकीने दोन-तीनदा दाबून मुख्य स्क्रीनवर या. अर्धवट लिहिलेला मेसेज, कॅल्क्युलेटर, रेडिओ उघडा असेल तर आकडे तिथेच टाइप होत राहतात. मग नंबर टाका, स्क्रीनवर वाचा आणि हिरवं दाबा.

दोन सिमच्या फोनवर ‘सिम 1 की सिम 2’ असा प्रश्न येऊ शकतो. कुठलंही निवडा. विचार करत थांबू नका.

आता फोन कानाला लावा आणि थांबा. बहुतेक कॉल इथेच वाया जातात. नेटवर्क शोधणं, केंद्राकडे जोडणं, रांगेत उभं राहणं यात दहा-पंधरा सेकंद काहीही ऐकू न येणं अगदी नेहमीचं आहे. रेंज कमी असेल तर आणखी वेळ लागतो. माणूस पाच सेकंदांत ‘लागत नाही’ म्हणून कट करतो आणि परत लावतो, म्हणजे दर वेळी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. फोन आपणहून टूं-टूं करून कट होत नाही किंवा स्क्रीनवर कॉल संपल्याचं येत नाही, तोवर धरून ठेवा. ‘सर्व लाइन व्यस्त आहेत’ असं रेकॉर्डिंग लागलं तरीही धरून ठेवा. ‘अमुकसाठी 1 दाबा’ असा मेनू लागला तर कॉल चालू ठेवूनच ते बटण दाबा.

रेंज नसताना

आपत्कालीन कॉललाही टॉवर लागतोच. कुठल्याच कंपनीचा टॉवर नसेल तर कुठलाही मोबाइल काही करू शकत नाही.

सगळ्यात आधी जागा बदला. लिफ्ट, तळघर, पत्र्याची खोली, मोटारीचा आतला भाग, जाड दगडी भिंती, अशा जागा लहरींना अडवतात. खिडकीशी, गच्चीवर, उघड्यावर या. डोंगराळ भागात दरीतून थोडं चढून, पलीकडचं मोकळं दिसेल अशा जागी जा. फोनचा अँटेना मागच्या बाजूच्या आवरणात असतो. पाठ पूर्ण तळव्याने झाकू नका, दोन्ही कडांना चिमटीत धरा. एकच जागा धरून रेंज येत असेल, समजा खिडकीबाहेर हात काढल्यावर, तर कॉल लावून लाऊडस्पीकर चालू करा आणि तिथेच धरून बोला.

फोन बंद करून चालू केला की तो सगळे टॉवर नव्याने शोधतो. हा उपाय एकदाच करून बघा, पुन्हा पुन्हा नको. चालू होताना बॅटरी जास्त खर्च होते. तसंही रेंज कमी तितका फोन जास्त जोर लावतो. जीएसएम फोन 900 मेगाहर्ट्झवर 2 वॉटपर्यंत ताकद वापरतो, टॉवर जवळ असेल तर त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे दुर्गम जागी दिवसभर टॉवर शोधत राहिलेल्या फोनची बॅटरी ऐन वेळी उतरलेली असते. रेंज नाही हे ठाऊक असेल तर फोन बंद ठेवा आणि बरी जागा आली की चालू करा.

कॉल टिकत नसेल पण मधूनमधून एखादी काडी दिसत असेल, तर घरच्या एखाद्या माणसाला मेसेज करा. मेसेजला काही क्षणांचा संपर्क पुरतो. जागा, काय झालं आणि किती माणसं, एवढंच लिहा आणि ‘112 ला कळवा’ असं सांगा. आपत्कालीन केंद्राला थेट मेसेज पाठवण्याची सोय सगळीकडे नसते, म्हणून माणसाला पाठवलेला बरा.

एक गोष्ट फोन विकत घेतानाच बघायची. टूजी फोनला फक्त टूजी टॉवर दिसतो. समोर फोरजीचा टॉवर उभा असला तरी त्याच्या लेखी तिथे काहीच नाही. काही देशांत जुनी नेटवर्कं बंद झाली आहेत. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये थ्रीजीसुद्धा बंद केलं. नवा साधा फोन घेताना फोरजीवर बोलता येणारा, म्हणजे व्होल्टी असलेला घ्या.

बोलायचं काय

साध्या फोनात बहुधा जीपीएस नसतं. केंद्राला फार तर तुमचा कॉल कोणत्या टॉवरवरून आला ते कळतं. शहरात तो टॉवर काहीशे मीटरचा भाग दाखवतो, गावाकडे आणि मोकळ्या रानात कित्येक किलोमीटरचा. एका जीएसएम टॉवरचा पल्ला जास्तीत जास्त 35 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पहिलं वाक्य जागेचं हवं. ‘लवकर या, माणूस पडलाय’ असं म्हणत असतानाच कॉल तुटला तर कुणालाच काही करता येत नाही. ‘अमुक गावाहून तमुक गावाकडे जाणारा रस्ता, पुलाच्या अलीकडे’ एवढं बोलून तुटला तरी गाडी निघू शकते.

जागा सांगताना मोठ्याकडून लहानाकडे या: तालुका किंवा शहर, मग गाव किंवा भाग, मग रस्ता, मग खूण. हमरस्त्यावर असाल तर किलोमीटरचा दगड आणि तुम्ही कोणत्या दिशेने जात होता ते सांगा. रेल्वेमार्गालगतच्या खांबांवरचे आकडे, विजेच्या खांबावरचा नंबर, दुकानाच्या पाटीवरचा पत्ता यांचाही उपयोग होतो. खूण अशी निवडा की ती नवख्या चालकाला रात्री दिसेल.

त्यानंतर काय झालं, किती माणसांना लागलं आहे, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, आणि आग, वीज, गॅस, पाणी, भांडण असा धोका अजून आहे का. मग तुमचा नंबर. स्वतःचा नंबर ऐन वेळी न आठवणारे पुष्कळ असतात. तो चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवा.

विचारलं जाईल त्याचं उत्तर द्या, एकदम सगळी हकिगत सांगू नका. समोरचा प्रश्न विचारत असताना गाडी थांबून राहिलेली नसते, ती पाठवण्याचं काम तिकडे दुसरं कुणीतरी करत असू शकतं. रुग्णाचा श्वास थांबला असेल तर लाऊडस्पीकर चालू करून फोन जमिनीवर ठेवा आणि हात मोकळे करा. छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाब द्यायचा असतो. पुढचं पलीकडून सांगतील तसं करा. लाऊडस्पीकर बहुतेक फोनांत कॉल सुरू असताना मधल्या किंवा वरच्या एखाद्या बटणाने चालू होतो, तो कुठे आहे ते आज घरच्या कुणाला तरी फोन लावून बघून ठेवा.

‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

आता परत येणारा फोन

केंद्राचा फोन अनोळखी नंबरावरून येतो, कधी लँडलाइनच्या, कधी चालकाच्या मोबाइलवरून. ‘अनोळखी नंबर उचलायचा नाही’ हा नियम त्या तासाभरापुरता बाजूला ठेवा.

फोन उचलायला हिरवं बटण एकदा दाबायचं. कीपॅड लॉक असला तरी आलेला फोन हिरव्यानेच उचलला जातो, आधी लॉक काढायची गरज नसते. मिटणाऱ्या फोनांत पुष्कळदा झाकण उघडलं की कॉल उचलला जातो आणि मिटलं की कट होतो. बोलता बोलता सवयीने झाकण मिटू नका. वाजत असताना लाल दाबलं तर कॉल नाकारला जातो. नुसता आवाज थांबवायचा असेल तर ‘सायलेंट’ असं लिहिलेलं बटण दाबा, कॉल चालूच राहतो.

मदत मागितल्यानंतर त्याच फोनवरून नातेवाइकांना एकामागून एक फोन लावत बसू नका. केंद्राला तुमची लाइन एंगेज मिळते. नातेवाइकांना दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कळवा. कॉल वेटिंग चालू असेल तर बोलताना मधूनच बारीक टूंटूं ऐकू येते. तेव्हा हिरवं दाबलं की पहिला कॉल थांबून नवा जोडला जातो. ते चालू करायचा कोड *43# आणि बघायचा *#43#. दोन सिमच्या साध्या फोनांत एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम बहुधा बंद असल्यासारखं लागतं, वेटिंग फक्त त्याच सिमपुरतं.

सिम नसलेल्या फोनवरून आपत्कालीन कॉल लागला तरी त्या फोनला नंबरच नसतो, म्हणून परत फोन येऊ शकत नाही. अशा वेळी हे पलीकडे आधीच सांगा आणि कॉल जास्तीत जास्त वेळ धरून ठेवा. शिवाय काही देशांत, उदाहरणार्थ ब्रिटन आणि जर्मनीत, सिमशिवाय आपत्कालीन कॉल स्वीकारलाच जात नाही. सिम काढलेला जुना फोन ‘अडचणीला असू दे’ म्हणून मोटारीत टाकून ठेवणं यामुळे बेभरवशाचं आहे. ठेवायचाच तर चालू सिमसह ठेवा.

फोन वाजत नसेल तर या क्रमाने बघा. आधी # दाबून धरून सायलेंट गेला का. मग रिंगचा आवाज सेटिंग्जमध्ये किती आहे. मग वळवलेले कॉल: *#21# लावून बघा, ‘फॉरवर्ड केलेले नाही’ असं यायला हवं. सगळी वळणं काढायला ##002#. काही नेटवर्कांवर हे कोड चालत नाहीत, तिथे ग्राहक सेवेला सांगावं लागतं. कुणी फोनवर सांगितलं म्हणून  **21* ने सुरू होणारा आणि पुढे एखादा नंबर असलेला कोड कधीही दाबू नका. त्याने तुमचे येणारे कॉल त्या माणसाकडे वळतात, बँकेचे संकेतांक सांगणारेसुद्धा. शेवटी ‘ब्लॅकलिस्ट’ किंवा ‘फक्त फोनबुकातले नंबर’ अशी गाळणी चालू आहे का बघा. आजी-आजोबांना फसवे फोन येऊ नयेत म्हणून घरचे लोक ही गाळणी लावून देतात आणि मग रुग्णवाहिकेच्या चालकाचाही फोन आत येत नाही.

फोन उचलला पण आवाजच नाही, हेही नेहमीचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात हेडफोनचं चित्र दिसतंय का? हेडफोन लावलेला नसताना ते दिसत असेल तर भोकात धूळ किंवा ओल गेली आहे आणि फोनला वाटतंय की आवाज तिकडे द्यायचा आहे. हेडफोनची पिन तीन-चारदा आत-बाहेर करा. हाताशी नसेल तर लाऊडस्पीकर चालू करा, तो बहुधा चालतो. चित्र नसेल तर कॉल सुरू असताना मधलं बटण वर किंवा उजवीकडे दाबून आवाज वाढवा. कानाचं भोक स्क्रीनच्या वर अगदी बारीक असतं, फोन अर्धा इंच खाली-वर झाला तरी आवाज निम्मा होतो. आणि तुमचा आवाज पलीकडे जात नसेल तर तळाशी असलेल्या माइकवर करंगळी किंवा कव्हर आलेलं असतं.

बॅरिंग आणि ठराविक नंबरांचं बंधन

कुणी जास्त बिल होऊ नये म्हणून बाहेर जाणारे कॉल बंद केलेले असतात. *#33# ने ते कळतं आणि #33*, त्यापुढे तुमचा बॅरिंगचा कोड आणि शेवटी # असं लावून ते निघतं. ‘फिक्स्ड डायलिंग’ चालू असेल तर यादीतलेच नंबर लागतात आणि ती बदलायला पिन 2, म्हणजे सिमचा दुसरा पिन, लागतो. फोनने ओळखलेला आपत्कालीन नंबर बहुधा या दोन्हींतून पार होतो, साधा नंबर होत नाही. म्हणजे 112 लागेल, पण घरच्या डॉक्टरांचा नंबर लागणार नाही. यादी चालू ठेवायचीच असेल तर त्यात डॉक्टर, शेजारी आणि तुमच्या भागातली रुग्णवाहिका हे नंबर आवर्जून घाला.

फ्लाइट मोड हा वेगळा प्रकार. काही फोन त्यात असताना 112 दाबल्यावर स्वतःच बाहेर येतात, काही नुसते ढिम्म बसतात. स्क्रीनवर विमानाचं चित्र दिसलं तर आधी ते काढा.

पाठीमागचं लाल एसओएस बटण

वयस्कर माणसांसाठीच्या फोनांना मागे एक मोठं बटण असतं. ते दोन-तीन सेकंद दाबून धरलं की भोंगा वाजतो, ठरवलेल्या नंबरांना मेसेज जातो आणि मग एकेकाला क्रमाने फोन लागत जातो. एकाने उचलला की साखळी थांबते, आणि अडचण तिथेच होते. पहिल्याचा फोन बंद असेल आणि व्हॉइसमेलने ‘उचलला’, तर यंत्राला वाटतं माणूस भेटला. म्हणून यादीतल्या प्रत्येकाने आपला व्हॉइसमेल बंद ठेवायला हवा. काही मॉडेलांत उचलणाऱ्याने 0 दाबून ‘मी ऐकतोय’ असं कळवावं लागतं, नाही तर फोन पुढच्याकडे जातो. ते त्या सगळ्यांना सांगून ठेवा. यादीत पहिला तो नंबर ठेवा जो दिवसा-रात्री हमखास उचलला जातो, मग तो माणूस नात्याने कितीही लांबचा असो. मदत केंद्राचा नंबर या यादीत घालायचा झाला तर त्या सेवेला तो चालतो का ते आधी विचारा, कारण खिशात चुकून दाबलं जाणारं हे बटण आहे.

महिन्यातून एकदा घरच्यांना सांगून हे बटण दाबून बघा. मेसेजचा बॅलन्स संपलेला असणं, मुलाने नंबर बदललेला असणं, असल्या गोष्टी अशाच उघड्या पडतात.

बॅटरी आणि सिम

सुट्या बॅटरीचा फोन असेल तर तिच्या तीन पितळी टोकांवर हिरवट किंवा काळपट थर आहे का बघा. कोरड्या सुती कापडाने पुसा. बॅटरी टेबलावर ठेवून फिरवली आणि भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगली आहे, बदला. पूर्ण चार्ज दाखवणारा फोन कॉल लावताच बंद पडत असेल, तर बॅटरीचा जीव संपलेला असतो: नुसतं चालू राहायला थोडी वीज पुरते, कॉलला एकदम जास्त लागते. थंडीतही असंच होतं. फोन अंगालगत खिशात ऊबेत ठेवला तर पुन्हा चालू होतो.

‘सिम घाला’ असा मजकूर मधूनमधून येत असेल तर सिम काढून त्याचा सोनेरी भाग मऊ कापडाने पुसा आणि घट्ट बसवा. महिनोन् महिने रिचार्ज न केलेलं सिम कंपनी बंद करते, हे मोटारीतल्या जादा फोनच्या बाबतीत विसरलं जातं.

चुकून लागला तर

खिशात दाबला जाऊन किंवा मुलाच्या हातून 112 लागला तर घाईघाईने कट करू नका. ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ एवढं बोला. गप्प कट केलेल्या कॉलवर केंद्राला परत फोन करावा लागतो आणि तुम्ही उचलला नाही तर खात्री करायला माणूस पाठवावा लागू शकतो. ‘चालतो का बघू’ म्हणून आपत्कालीन नंबर लावून बघणंही टाळा, तेवढा वेळ खरा कॉल रांगेत असतो. लहान मुलाला खेळायला जुना फोन देताना आधी बॅटरी काढून घ्या. सिम काढलं तरी त्यावरून आपत्कालीन कॉल जाऊ शकतो, आणि त्या फोनला नंबर नसल्यामुळे कॉल कुठून आला ते शोधणं केंद्राला फार कठीण जातं.